त्र्याहत्तर वर्षांचा उमेदवार, विशीतले मतदार

अबोली

२०२४च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या आमच्या घरातून चार मतं गेली. आम्हा दोघांचं राहू द्या. लेकीचं मत कमला हॅरिसना गेलं आणि धाकट्याचं डोनाल्ड ट्रम्पना. लेक तेव्हा तेवीस वर्षांची. पेनसिल्व्हेनियात नर्सिंग शिकली, आता हॉस्पिटलात रात्रपाळ्या करते. धाकटा वीसचा. कॉलेजात एक सत्र काढलं, मन रमलं नाही, आता एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकतोय. एका घरात, एका आईच्या हातचं खाऊन वाढलेली ही दोघं.

त्या वर्षीच्या मंडळाच्या दिवाळीत एक काका म्हणाले, "आजकालच्या पोरांचं काय, मोबाइलवर जो छान दिसेल त्याला मत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते लागलं. ही पोरं इतकी उथळ नाहीत, हे मला आई म्हणून माहीत आहे. पण आई म्हणून माहीत असणं पुरेसं नाही, म्हणून वर्षभर जमेल तसं वाचत गेले. ते इथे मांडते. चुकलं तर सांगा.

आपण सगळे धरून चालतो की तरुण मतदार तरुण उमेदवाराकडे झुकतात. १९६०ला केनेडी ४३ वर्षांचे होते, १९९२ला क्लिंटन टीव्हीवर सॅक्सोफोन वाजवत होते, २००८ला ओबामा होते. मग १९८४चं काय करायचं? त्या वर्षी रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचे होते, समोरचे वॉल्टर माँडेल ५६ वर्षांचे. आणि १८ ते २९ वयोगटातल्या जवळपास ६० टक्के मतदारांनी रेगनना मत दिलं. २०१६च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, बर्नी सँडर्स ७४ वर्षांचे होते, केस विस्कटलेले, तेच भाषण गावोगावी. तरी तिशीखालच्यांची जेवढी मतं त्यांना पडली तेवढी हिलरी क्लिंटन आणि ट्रम्प यांची एकत्र केली तरी भरत नव्हती. वयाचा हिशोब इथेच कोलमडतो.

१९८४वर मी बरीच थांबले, कारण रेगन हे आपल्या ओळखीच्या अनेकांच्या लेखी श्रीमंतांचे अध्यक्ष. मग वीस वर्षांच्या पोरांनी त्यांना का उचलून धरलं? त्या वर्षी वीस वर्षांचा असलेला मुलगा १९६४चा. शाळेत जायला लागला तर टीव्हीवर व्हिएतनाम. दहाव्या वर्षी निक्सननी राजीनामा दिलेला. पेट्रोलच्या रांगा दोनदा पाहिल्या, १९७३ला आणि १९७९ला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी इराणात अमेरिकी माणसं ४४४ दिवस ओलीस. १९८०ला महागाई १३ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे जाणतेपण आल्यापासून त्याने आपला देश फक्त घसरतानाच पाहिला होता. आणि १९८४ला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, अर्थव्यवस्था ७ टक्क्यांनी वाढणारी, आणि एक आजोबांच्या वयाचा माणूस सांगतोय की आता उजाडलंय. त्या मुलाला नोकरी मिळत होती. त्याला भुलवलं गेलं असं मी म्हणणार नाही. त्याने स्वतःच्या आयुष्याशी ताडून पाहिलं.

त्याच्या बारा वर्षं आधीची गोष्टही अशीच. १९७१ला २६वी घटनादुरुस्ती झाली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. लढायला पाठवता तर मत का नाही, ही मागणी खूप जुनी होती. १९७२ला सगळ्यांना वाटलं, ही नवी मतं निक्सनविरुद्ध उभ्या असलेल्या युद्धविरोधी जॉर्ज मॅकगव्हर्नना अध्यक्ष करणार. मॅकगव्हर्ननी एकच राज्य जिंकलं, मॅसॅच्युसेट्स, आणि वॉशिंग्टन डीसी. तरुणांची मतंसुद्धा जवळजवळ निम्मी-निम्मी फाटली. कारण सगळे तरुण विद्यापीठाच्या हिरवळीवर नव्हते. बरेचसे कारखान्यात होते, शेतात होते, लग्न करून मोकळे झाले होते. शिवाय निक्सननी सैन्य परत आणायला सुरुवात केली होती, सक्तीची भरती आटत चालली होती. मानेवरचं जोखड ज्याने सैल केलं त्याला काहींनी मत दिलं.

आता अलीकडचं. एक्झिट पोलमधला तिशीखालच्यांचा डेमोक्रॅटिक वाटा बघा: २००८ला ६६ टक्के, २०१२ला ६०, २०१६ला ५५, २०२०ला पुन्हा ६०, २०२४ला ५४. पक्ष तोच. त्या पक्षाची धोरणं या सोळा वर्षांत तरुणांच्या विरोधात गेली असंही नाही. ओबामांच्या २०१०च्या आरोग्यविमा कायद्याने २६व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं. माझ्या धाकट्याला आजही त्याचाच आधार आहे आणि त्याला ते माहीतही नव्हतं! मिळालेली गोष्ट हवेसारखी होते, तिच्यासाठी कोणी मत देत नाही.

मला जे दिसतं ते असं. विशीतलं मत त्या माणसाकडे जातं जो त्या पोरांच्या आजच्या ओझ्याचं नाव घेतो, आणि ते घ्यायला त्यांच्यापर्यंत जातो. दोन्ही हवं. लेकीच्या दारावर २०२२ला पेनसिल्व्हेनियात तिच्याच वयाची मुलं आली होती. गर्भपाताचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने काढून घेऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. धाकट्याच्या दारावर कोणी आलं नाही. २०२४ला तो व्हॅनमध्ये पॉडकास्ट ऐकत सामान उतरवत होता, आणि तिथे ट्रम्प तीन तास पॉडकास्टवाल्या जो रोगनशी गप्पा मारत होते.

तुमच्या घरातल्या, ओळखीतल्या पोरांचं काय? मला खरंच समजून घ्यायचंय.

डोंगरवाट

फार मन लावून लिहिलंय, अबोली. १९८४च्या परिच्छेदाला पुष्टी देणारं एक संशोधन आहे. कोलंबिया विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकांच्या मतदान पाहण्या एकत्र केल्या. निष्कर्ष असा, की साधारण १४ ते २४ या वयात जे घडतं त्याचा ठसा माणसाच्या राजकीय कलावर सगळ्यात खोल उमटतो आणि पुढे बराच काळ टिकतो. त्या वयात जो अध्यक्ष असतो तो लोकप्रिय असेल तर त्याच्या पक्षाला आयुष्यभराची मतं मिळतात, नकोसा झाला असेल तर विरोधकांना.

हा हिशोब तुमच्या मुलाला लावून बघा. जन्म २००४चा धरला तर ट्रम्प पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा तो अकरा वर्षांचा. आपल्याला ट्रम्प म्हणजे कधी न पाहिलेलं काही वाटलं, कारण आपल्या डोक्यात आधीचे अध्यक्ष होते. त्याच्या डोक्यात आधीचं फारसं काही नाहीच. त्याच्यासाठी राजकारण असंच असतं. त्यात सोळाव्या वर्षी शाळा बंद, आणि अठरा वर्षांचा झाला त्या २०२२च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्के, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. तेव्हा अध्यक्ष बायडन. १९८०च्या मुलाच्या मनात तेव्हाचे अध्यक्ष कार्टर जिथे होते, तिथेच याच्या मनात बायडन.

म्हणून "तरुण" हा एकच गट मानणंही चुकतंय असं मला वाटतं. २९ वर्षांच्या माणसाने ओबामा पाहिलेत. २० वर्षांच्याने पाहिले नाहीत. दोघं एकाच रकान्यात मोजले जातात.

ओसरी

पुण्याहून वाचतेय. आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे एका माणसासाठी देशभरातली पोरं झपाटून जाणं हे आम्ही लांबूनच बघतो. आपलं मतदानाचं वय १९८९ला ६१व्या घटनादुरुस्तीने १८ झालं, म्हणजे त्यांच्यानंतर अठरा वर्षांनी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिलं मत देऊन घरी आले तेव्हा वडिलांनी "कोणाला दिलंस" असं विचारलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

एक शंका आहे. तिथे मतदार यादीत नाव आपोआप येतं का? तुमचा मुलगा मत द्यायला गेला हीच मला मोठी गोष्ट वाटते.

हिंदोळा

ओसरीताई, आपोआप नाही. काही राज्यांत गाडीचा परवाना काढताना नाव चढतं, नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही, पण बऱ्याच ठिकाणी आधी स्वतः नोंदणी करावी लागते आणि पत्ता बदलला की पुन्हा. विशीतलं माणूस दर वर्षी पत्ता बदलतं. आम्ही टेक्सासमध्ये आहोत. इथे मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून बंदुकीचा परवाना चालतो, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. माझ्या मुलीला हे केंद्रावर गेल्यावर कळलं. परत फिरली, पासपोर्ट शोधला, पुन्हा रांगेत उभी राहिली. तिच्या खोलीतली मैत्रीण पुन्हा गेली नाही.

आणि इथेच, अबोली, माझं तुमच्याशी थोडं वेगळं मत आहे. तुम्ही "तरुणांनी कोणाला दिलं" हे विचारताय. ज्यांनी दिलंच नाही त्यांचं काय? टफ्ट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार तिशीखालचं मतदान २०१६ला ३९ टक्के होतं, २०२०ला ५०, २०२४ला ४७. म्हणजे निम्मी पोरं घरात. ५४ टक्के की ६० टक्के हे उरलेल्या निम्म्यांमधलं गणित आहे. २०२० आणि २०२४मध्ये किती पोरांनी पक्ष बदलला आणि किती जण आलेच नाहीत, हे वेगळं काढल्याशिवाय "तरुण ट्रम्पकडे गेले" हे वाक्य मला पटत नाही.

दुसरं, मुलगे आणि मुली. २०२४ला तरुण स्त्रियांत हॅरिस बऱ्याच पुढे होत्या आणि तरुण पुरुषांत ट्रम्पनी त्यांना गाठलं, एका मोठ्या पाहणीनुसार मागेही टाकलं. तुमच्या घरात जे झालं ते देशभर झालं. माझ्या मुलीला टेक्सासमध्ये गर्भपाताच्या कायद्यामुळे डॉक्टर हात आखडता घेताना दिसतात, तिला ते रोज दिसतं. तिच्या वर्गातल्या मुलाला ते दिसत नाही. ओझ्याचं नाव घेणं म्हणता, तर एकीच्या ओझ्याचं नाव घेतलं की दुसऱ्याला वाटतं माझं राहिलं. यातून उमेदवाराने वाट कशी काढायची, मला सुचत नाही.

निवांतपणी

मी इथे क्वचित लिहितो, पण सँडर्सचं नाव आलं म्हणून.

२०१६ला मी आयोवा सिटीत एमएस करत होतो. नाशिकहून येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. मला मत नव्हतं, व्हिसावर होतो. पण रूममेट म्हणाला, चल, बघायला चल. १ फेब्रुवारीची रात्र, बाहेर बर्फ साचलेला, शाळेच्या जिमखान्यात कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची सभा. आपल्याकडे मत म्हणजे पडद्याआड बटण. तिथे माणसं उठून आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात आणि डोकी मोजतात. हिलरींच्या कोपऱ्यात शेजारपाजारच्या काकू, शिक्षिका, निवृत्त माणसं. सँडर्सच्या कोपऱ्यात आमचं अख्खं वसतिगृह. मध्ये मोकळी जमीन. एकेका काकूंना हाताला धरून ही पोरं आपल्याकडे बोलावत होती, त्या हसून मान हलवत होत्या. त्या रात्री राज्यभरात दोघांत पाव टक्क्याचा फरक राहिला, हिलरी निसटत्या जिंकल्या. आणि तिशीखालच्यांत सँडर्सना ८४ टक्के.

रूममेटला परत येताना विचारलं, या म्हाताऱ्यात काय बघितलंस? तो काहीच तत्त्वज्ञान बोलला नाही. त्याच्यावर तेव्हा चाळीस हजार डॉलरचं कर्ज होतं. म्हणाला, माझ्या आईला वाटतं हे कर्ज म्हणजे माझी चूक आहे. हा पहिला माणूस आहे जो म्हणतो, तुझी चूक नाही. त्याने पार्टटाइम पगारातून सँडर्सना २७ डॉलर पाठवले होते. सरासरी देणगी तेवढीच आहे हे सँडर्स प्रत्येक सभेत सांगायचे, त्यामुळे मुद्दाम तोच आकडा.

लहान तोंडी मोठा घास होईल, पण अबोलीताई, "ओझ्याचं नाव घेणं" याच्या पुढे मला हे जोडावंसं वाटतं: ते ओझं म्हणजे तुझा नाकर्तेपणा नाही, असं सांगणं. सरकारी कॉलेजची फी माफ, किमान वेतन १५ डॉलर, ही कलमं त्याला तोंडपाठ होती, पण त्याला धरून ठेवलं ते या वाक्याने. केंद्राचं किमान वेतन २००९पासून आजतागायत ७.२५ डॉलरवर अडकलेलं आहे. हे एका पिढीला दिसत नसेल असं कसं?

नोव्हेंबरात त्याने हिलरींना मत दिलं. आमच्या मजल्यावरच्या दोघांनी तिसऱ्या पक्षाला दिलं. एक जण झोपून राहिला.

बारव

मिशिगन. ॲन आर्बरजवळ राहतो, दोन्ही मुली विद्यापीठात.

अबोलीताईंच्या मांडणीत एक बाजू राहिली असं वाटतं, ती लिहितो. कधीकधी पोरांच्या मनावरचं ओझं त्यांच्या स्वतःच्या खिशाचं नसतं. २०२४च्या वसंतात विद्यापीठाच्या आवारात गाझासाठी तंबू पडले. थोरली तिथे रोज जायची, पाणी-खाणं पोचवायची. त्याआधी २७ फेब्रुवारीच्या प्रायमरीत इथल्या एक लाखाहून जास्त मतदारांनी, बरेचसे गाझाबद्दलचा निषेध म्हणून, बायडन यांच्याऐवजी "कोणालाही बांधील नाही" या पर्यायावर खूण केली होती. थोरलीनेही केली. पहिल्यांदा मला राग आला. मग जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आणीबाणीच्या गोष्टी सांगता तेव्हा आजोबांचा अभिमान वाटतो ना तुम्हाला?" माझे वडील तेव्हा तुरुंगात होते. मी पुढे काही बोललो नाही.

नोव्हेंबरात मिशिगन ट्रम्प यांनी सुमारे ८० हजार मतांनी जिंकलं. हे सगळं त्या एका कारणाने झालं असं मी म्हणत नाही, भाडं आणि किराणा हे मोठं कारण होतंच. पण ज्या पोरांनी २०२०ला घरोघर फिरून बायडनसाठी दारं ठोठावली होती, त्यातली कितीतरी २०२४ला घरी बसली. थोरलीच्या गटातल्या सहापैकी दोघीच दारोदार फिरल्या. एकदा दार ठोठावणारे हात गेले की तुमच्या धाकट्याच्या दारापर्यंत जाणार कोण?

हिंदोळाताई, नोंदणीचं तुम्ही बोललात. इथे २०१८च्या सार्वमतानंतर मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते. विद्यापीठाच्या कला संग्रहालयात शहराच्या क्लार्कचं, म्हणजे निवडणुका सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, कार्यालय उघडतात, तिथे मुलांची रांग रात्री उशिरापर्यंत असते. धाकटी त्या रांगेत उभी होती. आम्ही थर्मासमध्ये चहा नेऊन दिला. सोय केली की पोरं येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

डोंगरवाट

बारव, तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो. नमस्कार त्यांना.

हिंदोळा यांच्या प्रश्नाबद्दल. कोणी पक्ष बदलला आणि कोण आलंच नाही हे वेगळं काढणं कठीण आहे, पण दोन्ही झालं एवढं दिसतं. आणि मला वाटतं दोन्हीचं मूळ एकच. विद्यार्थी कर्जाचंच बघा. देशभरात ते दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे आहे. बायडन यांनी १० हजार डॉलरपर्यंत, काहींना २० हजारांपर्यंत माफी जाहीर केली. २०२३च्या ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यानंतर वेगवेगळ्या वाटांनी बऱ्याच जणांचं कर्ज माफ झालंही. पण ज्याने अर्ज भरला, मंजुरीचं पत्र आलं आणि पुढे काहीच झालं नाही, त्याच्या मनात न्यायालय राहत नाही, वचन राहतं. तो ट्रम्पकडे गेला असेल किंवा नसेल, पण उत्साहाने रांगेत उभा राहायला गेला नाही.

आणि ज्याने कॉलेजच केलं नाही, त्याला तर या सगळ्या चर्चेत आपलं नावच ऐकू आलं नाही. ट्रम्पनी लास व्हेगासमध्ये टिपवरचा कर काढतो म्हटलं. धोरण म्हणून मला ते पटत नाही, पण हॉटेलात ताटं उचलणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला ते एका दमात कळतं.

हिंदोळा

टिपचं खरंय. पुढे हॅरिसनीही तेच जाहीर केलं, पण आधी कोण बोललं तेच लक्षात राहिलं. आणि निवांतपणी, तुमचं ते "तुझी चूक नाही" मी मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेच मैत्रिणीला कोणी सांगितलं असतं तर ती दुसऱ्यांदा केंद्रावर गेली असती.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. बारव यांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

रविवारी सकाळी धाकटा पोहे खात होता तेव्हा त्याला सरळ विचारलं. वाद घालणार नाही असं आधी कबूल केलं आणि पाळलं. तो म्हणाला, दहावीत असताना मार्चमध्ये शाळा बंद झाली, वर्षभर तो खोलीत एका पडद्यासमोर बसून होता, आणि तेव्हापासून त्याला वाटत आलंय की मोठी माणसं त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्याशी नाही. कॉलेज सोडलं तेव्हा तर घरातही. हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. कॉलेज सोडल्याची गोष्ट मी मंडळात कोणाला सांगितली नव्हती, हे त्याला माहीत होतं.

ट्रम्पच्या त्या मुलाखतीतलं त्याला काय आठवतं, विचारलं. धोरणातलं एकही कलम आठवलं नाही. कुस्तीबद्दल, मारामारीच्या सामन्यांबद्दल गप्पा झाल्या होत्या ते आठवलं. म्हणाला, कोणी कागद बघून वाचत नव्हतं, त्यामुळे खरं वाटलं. मला ते खरं वाटत नाही, हे मी बोलले नाही, इथे लिहितेय.

मग लेक उठून आली, रात्रपाळीहून आलेली. तिलाही विचारलं, दारावर आलेल्या त्या मुलांचं काय आठवतं? तिला त्या मुलीचं नाव आठवत होतं. पाऊस होता, ती आत येऊन बसली, अर्धा तास दोघी परीक्षेबद्दल बोलल्या आणि शेवटची पाच मिनिटं मतदानाबद्दल. धाकटा ऐकत होता. म्हणाला, "माझ्याकडे आली असती तर मीही आत घेतलं असतं."

२०२८ला कोणाला, यावर तो म्हणाला आत्ता काय सांगू, उमेदवार तरी कुठे ठरलेत. ट्रम्प पुन्हा उभे राहू शकत नाहीत आणि त्यानंतर त्याच पक्षाला मत देईन असं त्याने गृहीत धरलेलं नाही. लेकीनेही नाही. दोघं सध्या मिळून राहायला जागा शोधतायत, एकट्याला परवडत नाही म्हणून. दुपारी एडिसनला दोन बेडरूमचं घर बघून आले. भाडं ऐकून पुढच्या आठवड्यात जरा लांबची बघायची ठरलीत.